व्हीट्यूबर अवतार घ्यायचाय? आधी कॅमेरा, मग रिग, शेवटी चित्र

व्हीट्यूबर म्हणजे स्वतःच्या चेहऱ्याऐवजी, आपल्याबरोबर बोलणारा-हलणारा काढलेला अवतार दाखवून स्ट्रीम, म्हणजे थेट प्रक्षेपण, करणारा माणूस. अवतार विकणाऱ्या पानावर सगळ्यात आधी नजरेत भरतं ते चित्र, आणि नवखा माणूस तिथेच खिशात हात घालतो. स्ट्रीम सुरू झाला की तोच अवतार पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. १०८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर त्याच्या वाट्याला जेमतेम चारशे-पाचशे पिक्सेल येतात. कॉलरवरची नाजूक नक्षी, बुबुळातल्या सात छटा तिथे कुणालाही दिसत नाहीत. बोलताना तोंड आवाजाबरोबर उघडतं का, मान वळली की चेहरा खरंच वळल्यासारखा वाटतो का, डोळे मिटतात तेव्हा पूर्ण मिटतात का, एवढंच दिसतं. शिवाय तो अवतार कमाईच्या स्ट्रीमवर वापरायची परवानगी तुम्हाला आहे का, हे चित्रावर लिहिलेलं नसतं.

म्हणून खरेदीचा क्रम उलटा लावायचा. आधी हाताशी असलेला कॅमेरा आणि संगणक तपासायचा, मग मॉडेलचा प्रकार ठरवायचा, मग रिग (अवतार हलवणारी मांडणी) आणि परवाना बघायचा. आवडीनिवडी त्यानंतर.

कोणत्या प्रकारचा अवतार

सगळ्यात साधा पीएनजी अवतार. पारदर्शक पार्श्वभूमीची चार चित्रं पुरतात: डोळे उघडे ठेवून तोंड मिटलेलं आणि उघडं अशी दोन, आणि डोळे मिटलेली तशीच दोन. 'व्हेडोट्यूब मिनी'सारखं छोटं सॉफ्टवेअर माइक ऐकत बसतं आणि आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की तोंड उघडलेलं चित्र दाखवतं. कॅमेरा लागत नाही, ग्राफिक्स कार्डावर भार जवळपास शून्य. पंख्याच्या घरघरीनं किंवा कीबोर्डच्या खटखटीनं तोंड उघडत असेल तर ती पातळी वर सरकवायची, बस. याला गरिबाचा अवतार समजू नका. आपण आठवड्यातून दोनदा नेमानं स्ट्रीम करू की नाही हेच ज्याला अजून माहीत नाही, त्यानं इथूनच सुरुवात करावी.

दुसरा प्रकार लाइव्ह२डी. हे सपाट चित्रच असतं, पण ते शेकडो तुकड्यांत कापलेलं असतं: पुढचे केस, मागचे केस, वरची पापणी, बुबुळ, दात, जीभ, सगळं वेगळं. प्रत्येक तुकड्यावर जाळी पसरून ती ताणली-आवळली जाते, आणि त्यातून चेहरा वळल्याचा भास तयार होतो. या ताणण्या-आवळण्याची सगळी मांडणी म्हणजे रिग. भास असल्यामुळे त्याला हद्द आहे. डोक्याचं वळण साधारण उणे ३० ते अधिक ३० या मापात बांधलेलं असतं, त्यापलीकडे अवतार वळत नाही. पाठ फिरवून दाखवणं तर विसराच.

तिसरा थ्रीडी. इथे आतून हाडांचा सांगाडा असतो, त्यामुळे अवतार पूर्ण वळतो, वाकतो, हात हलवतो. आभासी कॅमेरा हवा तिथून लावता येतो. चेहऱ्याच्या स्ट्रीमसाठी यातलं रुळलेलं फाइलस्वरूप म्हणजे व्हीआरएम. ते जपानमध्ये २०१८ साली पुढे आलं आणि त्यात मॉडेल, पोत, केसांची झुलण्याची व्यवस्था, इतकंच काय परवान्याची माहितीसुद्धा एकाच फाइलमध्ये बसते. २०१६ मध्ये 'व्हर्च्युअल यूट्यूबर' हा शब्द रूढ करणारी किझुना आय थ्रीडीच होती, म्हणून थ्रीडी म्हणजे पुढची पायरी असा समज आहे. तसं काही नाही. टेबलासमोर बसून गेम खेळणाऱ्या किंवा गप्पा मारणाऱ्या माणसाला चांगला रिग केलेला लाइव्ह२डी अवतार बहुधा जास्त जिवंत दिसतो, कारण हावभाव चित्रकारानं हातानं काढलेले असतात. नाच, उभं राहून सादरीकरण, व्हीआर गेम असं काही डोक्यात असेल तर मात्र थ्रीडीच घ्या.

पैसे देण्याआधी आठवडाभर फुकटात

नवा अवतार घेतला आणि तोंडच नीट हलत नाही, ही तक्रार ऐकली की पहिला संशय कॅमेऱ्यावर घ्यावा. आपला कॅमेरा चेहरा किती टिपतो हे खरेदीच्या आधी कळू शकतं, तेही एक पैसा न घालवता.

१. लाइव्ह२डीकडे कल असेल तर स्टीम या गेमच्या दुकानातून 'व्हीट्यूब स्टुडिओ' हे अवतार चेहऱ्याबरोबर हलवणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. मोफत आवृत्तीत लहानसा वॉटरमार्क दिसतो, तो काढायला वेगळी खरेदी आहे. सोबत नमुना मॉडेलं येतात. त्यातलं एक उघडा.

२. थ्रीडीकडे कल असेल तर 'व्हीरॉइड स्टुडिओ' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. केस, चेहरा, कपडे सरकपट्ट्या ओढून ठरवता येतात आणि शेवटी व्हीआरएम फाइल बाहेर काढता येते. ती 'व्हीसीफेस' किंवा 'वारुडो' या थ्रीडी अवतार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. एक मेख लक्षात ठेवा: व्हीसीफेसला व्हीआरएमची जुनी ०.क्ष मालिकाच चालते, १.० चालत नाही. फाइल बाहेर काढताना आवृत्ती विचारली जाते, तिथे बरोबर निवड करा.

३. ज्या खुर्चीत, ज्या उजेडात, ज्या वेळी स्ट्रीम करणार आहात तिथेच बसा. रात्री करणार असाल तर दुपारच्या उन्हातली चाचणी निरुपयोगी.

४. दहा मिनिटं नेहमीसारखं बोला आणि ते रेकॉर्ड करा. मग हसा, डोळे मिटा, एकच डोळा मिटा, भुवया उंचवा, मान दोन्हीकडे वळवा, 'आ ई ऊ ए ओ' सावकाश म्हणा.

५. आवडता गेम चालू ठेवून हेच पुन्हा करा.

रेकॉर्डिंग पाहिलं की खरेदीच्या यादीतला निम्मा मजकूर आपोआप ठरतो. साध्या वेबकॅमनं तुमचा एक डोळा मिटणं टिपलंच जात नसेल, तर डोळा मारण्याच्या खास हालचालीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. ती हालचाल कीबोर्डच्या एखाद्या बटणावर टाकून घेता येते.

कॅमेरा आणि उजेड

वेबकॅम ७२० पी, सेकंदाला ३० चौकटी एवढा असला तरी काम भागतं. ४के कॅमेऱ्यानं ट्रॅकिंग, म्हणजे चेहऱ्याच्या हालचाली टिपणं, सुधारत नाही, उजेडानं सुधारतं. अंधारात वेबकॅम स्वतःहून एक्स्पोजर वाढवतो आणि चौकटी ३० वरून पंधरावर आणतो. अवतार तोंड उशिरा हलवतोय असं वाटतं ते यामुळेच. समोरून, डोळ्यांच्या जरा वर एक मऊ दिवा लावा आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं आपोआप एक्स्पोजर बंद करा. पाठीमागची उघडी खिडकी हा दुसरा शत्रू. चष्म्याची जाड कड पापणीवर आली की डोळे अर्धवट मिटलेले दिसतात. माइक तोंडासमोर आडवा आला की ओठ सापडत नाहीत, तो खालून किंवा बाजूने आणा.

फेस आयडी असलेला आयफोन हाताशी असेल तर गोष्ट बदलते. त्याचा पुढचा कॅमेरा चेहऱ्याची खोली मोजतो, आणि ॲपलची एआरकिट ही यंत्रणा चेहऱ्याच्या ५२ वेगवेगळ्या हालचाली आकड्यांत देते: गाल फुगणं, ओठ एका बाजूला जाणं, जीभ बाहेर येणं, भुवईचं आतलं टोक उचलणं. फोन स्टँडवर लावून हे आकडे वायफायनं किंवा केबलनं संगणकाकडे पाठवता येतात. केबल बरी. वायफाय अडखळला की अवतारही अडखळतो, आणि लांब स्ट्रीमला चार्जिंग लागतंच.

इथे एक महत्त्वाची अट आहे. फोन ५२ हालचाली पाठवतो, पण मॉडेलमध्ये त्या बांधलेल्या नसतील तर त्या हवेत विरतात. थ्रीडी मॉडेलमध्ये त्या सगळ्या बांधलेल्या असण्याला 'परफेक्ट सिंक' म्हणतात. व्हीरॉइडच्या मॉडेलात त्या मुळात नसतात, वेगळ्या साधनानं घालाव्या लागतात. उलट, तुमच्याकडे फक्त वेबकॅम असेल तर 'एआरकिट रिग' म्हणून विकलं जाणारं महाग मॉडेल घेऊन पुष्कळ हालचाली झोपलेल्याच राहतील. येत्या वर्षभरात फोन घ्यायचा नक्की असेल तरच त्यासाठी पैसे मोजा.

तयार मॉडेल की बनवून घ्यायचं

तयार मॉडेल 'बूथ', 'निझिमा' अशा बाजारांत मिळतात. लाइव्ह२डी बनवणारी कंपनीच निझिमा चालवते. बनवून देणारे चित्रकार आणि रिगर 'व्हीजेन'सारख्या ठिकाणी आपापली कामं मांडतात. तयार मॉडेलमध्ये दोन जाती असतात, आणि पानावर ती ओळ बारीक अक्षरांत असते. एकाच गिऱ्हाइकाला विकलं जाणारं मॉडेल महाग, पण तो चेहरा फक्त तुमचा. अनेकांना विकलं जाणारं स्वस्त, पण उद्या दुसऱ्या वाहिनीवर तोच चेहरा वेगळ्या आवाजात बोलताना दिसेल. सरावासाठी दुसरं उत्तम. त्यावर नाव, बोधचिन्ह, ओळख मात्र बांधू नका.

थ्रीडीच्या बाजारात आणखी एक चकवा आहे. तिथली खूप मॉडेलं व्हीआरचॅट या आभासी जगात भेटण्याच्या ॲपसाठी बनवलेली असतात. फाइल म्हणून युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचं पॅकेज हातात येतं, व्हीआरएम नव्हे. ते युनिटीत उघडून 'युनिव्हीआरएम' जोडून रूपांतर करता येतं, पण ज्यानं युनिटी कधी पाहिलं नाही त्याचे दोन-तीन शनिवार-रविवार त्यात जातात, आणि रूपांतरात कपड्यांच्या चमकेसारख्या काही गोष्टी गळून पडतात. शिवाय स्ट्रीमवर वापरायला परवाना हवा तो वेगळाच प्रश्न. खरेदीआधी फाइलींची यादी वाचा. 'व्हीआरएम समाविष्ट' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला विचारा.

स्वतःच लाइव्ह२डी रिग करावं असं अनेकांच्या मनात येतं. करून बघायला हरकत नाही: लाइव्ह२डी रिग करायच्या क्युबिझम एडिटर या सॉफ्टवेअरच्या प्रो आवृत्तीची ४२ दिवसांची चाचणी मोफत आहे. त्यानंतरच्या मोफत आवृत्तीत १०० तुकडे, ३० पॅरामीटर (एकेका हालचालीची मापं) आणि २०४८ पिक्सेलचं एकच टेक्स्चर (कापलेले तुकडे मांडलेलं चित्र) एवढीच मुभा मिळते. साध्या अर्ध्या धडाच्या अवताराला ते कसंबसं पुरेल, तयार बाजारातल्या मॉडेलशी बरोबरी होणार नाही. पण महिनाभर हात काळे केले की रिगिंगचा खर्च चित्राइतका किंवा त्याहून जास्त का असतो हे नीट कळतं.

नमुना व्हिडिओ कसा पाहायचा

विक्रेत्याचा व्हिडिओ दोन प्रकारे बनतो. एडिटरमध्ये आधीच बसवलेली हालचाल चालवून दाखवली जाते, किंवा खऱ्या चेहऱ्याच्या ट्रॅकिंगवर मॉडेल चालवून दाखवलं जातं. पहिल्यात सगळंच लोण्यासारखं सरकतं. तुम्हाला दुसरा हवा, आणि शक्य तर शेजारी माणसाचा चेहरा किंवा निदान ट्रॅकिंगचे आकडे दिसणारा. मिळत नसेल तर नम्रपणे मागा. चांगला रिगर असा व्हिडिओ आनंदानं देतो.

मग आवाज बंद करून पाहा. डोकं तिरप्या कोपऱ्यात, म्हणजे वर-डावीकडे आणि खाली-उजवीकडे जातं तेव्हा चेहऱ्याचा आकार टिकतो का बघा. नुसतं आडवं आणि नुसतं उभं वळण कुणीही साधतं, कच्चा रिग कोपऱ्यात उघडा पडतो: हनुवटी चेपते, नाक घसरतं, एक डोळा मोठा होतो. मान आणि खांद्याच्या जोडावर फट पडते का पाहा. मिटलेल्या डोळ्यात खालून पांढरं डोकावतं का, तेही. तोंड हसऱ्या आकारात असताना उघडलं तर ओठांची रेघ तुटते का. केसांची झूल डोकं थांबल्यावर अर्धा-एक सेकंदात शांत व्हायला हवी. ती पाण्यात बुडाल्यासारखी डुलत राहिली तर दहा मिनिटांत प्रेक्षकाला गरगरतं.

शेवटी व्हिडिओची खिडकी तीनशे पिक्सेल उंचीएवढी लहान करा. भाव कळतोय का? डोळे आणि तोंड पार्श्वभूमीतून वेगळे दिसतात का? गडद केस, गडद कपडे आणि गडद गेम असा मेळ जमला तर अवताराच्या जागी एक काळा डाग उरतो.

परवाना: इथे घाई नको

मॉडेल विकत घेतलं म्हणजे त्या चित्राचा कॉपीराइट तुमचा झाला, असं होत नाही. वेगळं लिहून दिलेलं नसेल तर तो चित्रकाराकडेच राहतो आणि तुम्हाला मिळते वापरण्याची परवानगी. ती कितपत आहे हे वाचून, नसेल तर विचारून, लेखी घ्यायचं. गप्पांच्या ॲपमधलं 'हो हो चालेल' पुढे सापडत नाही. संवादाचा स्क्रीनशॉट आणि अटींच्या पानाची प्रत त्या दिवसाच्या तारखेसह ठेवा, कारण अटींचं पान बदलत असतं.

विचारायचे प्रश्न हे. स्ट्रीमवर जाहिराती, सभासदत्व, देणग्या यांतून कमाई झाली तर चालते का? टी-शर्ट, स्टिकर अशा वस्तू विकल्या तर? यासाठी बहुतेकदा वेगळं शुल्क असतं. दुसऱ्या चित्रकाराकडून नवा पोशाख किंवा केशरचना जोडून घेता येईल का? दुसऱ्या रिगरकडून दुरुस्ती? पुढे विकता किंवा कुणाला देता येईल का? श्रेय कुठे आणि कसं द्यायचं? उद्या तुम्ही एखाद्या एजन्सीत गेलात तर मॉडेल सोबत नेता येईल का?

चित्र एकाचं आणि रिग दुसऱ्याचा असेल तर परवानगीही दोघांची लागते. नुसतं सुंदर पूर्ण चित्र घेऊन थेट रिगरकडे जाणारे लोक इथे अडकतात. ते चित्र हलवायची परवानगी मूळ चित्रकारानं दिलेलीच नसते, आणि लेयर, म्हणजे चित्राचे वेगवेगळे थर, कापलेले नसल्यामुळे रिगरला ते वापरताही येत नाही. व्हीआरएम फाइलमध्ये अटी आतच नोंदवलेल्या असतात: कोणी वापरायचं, व्यावसायिक वापर, बदल, पुन्हा वाटप यांना मुभा आहे की नाही. विक्रीच्या पानावर एक आणि फाइलमध्ये दुसरं असेल तर वापरण्याआधी विक्रेत्याकडून खुलासा घ्या.

चोरीचा मालही या बाजारात फिरतो. चित्राचा उलट शोध घ्या, म्हणजे शोधयंत्रात चित्रच टाकून ते आणखी कुठे आहे ते पाहा. त्याच चित्राचं जुनं पान दुसऱ्याच नावावर सापडलं तर तिथेच थांबा. नव्या विक्रेत्याकडे लेयरची यादी दिसणारा स्क्रीनशॉट किंवा कच्च्या रेखाटनाची पायरी मागा. पैसे अशा मार्गानं द्या जिथे खरेदीदाराला संरक्षण आहे. पेपालवर मित्र-नातेवाइकांना पैसे पाठवायचा पर्याय निवडायला सांगितलं तर नकार द्या, कारण त्या व्यवहाराला ते संरक्षण लागू होत नाही. डिजिटल माल परत घेतला जात नाही अशीच बहुतेक ठिकाणची अट असते, त्यामुळे प्रश्न सगळे आधीच.

बनवून घेताना

कमिशन देताना 'गोंडस पण जरा गूढ' असं लिहून पाठवू नका. चित्रकाराला लागतं ते असं: चौकट कुठवर (छातीपर्यंत, गुडघ्यापर्यंत की पूर्ण), तीन-चार रंग नमुन्यासह, केसांची लांबी, वय साधारण किती दिसावं, अंगावरची एक ओळखीची खूण, आणि नको असलेल्या गोष्टींची यादी. जोडीला तुमचा वीस सेकंदांचा बोलण्याचा आवाज. तुम्ही मोठ्यानं हसता की ओठातल्या ओठात, यावरून तोंडाचा आकार ठरतो. चौकटीबद्दल एक सल्ला: पूर्ण अंगाचा अवतार बहुतेक स्ट्रीमांत कमरेवरच दिसतो. पायांवर खर्च होणारे पैसे चेहऱ्याच्या रिगवर टाका.

चित्र आणि रिग वेगवेगळ्या लोकांकडून करून घेणार असाल तर चित्र सुरू होण्याआधी रिगर ठरवा आणि कापणी कशी हवी हे त्याच्याकडूनच चित्रकाराला कळवा. फाइल पीएसडी (लेयर जपणारी फोटोशॉपची फाइल), रंग आरजीबी (पडद्यासाठीचे). पूर्ण अंगाला उंची साधारण ४००० ते ८००० पिक्सेल. डावं-उजवं सगळं वेगळ्या लेयरवर. केसांखालचं कपाळ, पापणीखालचं बुबुळ, बाहीखालचा हात असे झाकलेले भागही रंगवलेले. सावलीचे परिणाम, मास्क वगैरे साध्या लेयरमध्ये मुरवलेले, नाहीतर एडिटरमध्ये आल्यावर रंग बदलतात. झाकलेला भाग रंगवायचा राहिला की मान वळताच तिथे भोक दिसतं, आणि हे काम पुन्हा चित्रकाराकडे जातं.

बदल सांगायची खरी वेळ कच्च्या रेखाटनाची. तिथे केस आखूड करणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. रिग झाल्यावर तीच इच्छा म्हणजे चित्र, कापणी, जाळी, झूल सगळं नव्यानं. म्हणून प्रत्येक टप्प्यावर 'हे मंजूर' असं लिहून द्या आणि पैसेही टप्प्यांनी द्या. सुरुवातीला निम्मे आणि शेवटी निम्मे, किंवा तीन हप्ते, ही सर्वसाधारण रीत. एकूण वेळ आठवड्यांत नव्हे, बहुधा महिन्यांत मोजावा लागतो, कारण चांगल्या लोकांकडे रांग असते. पदार्पणाची तारीख फाइल हातात आल्यावर जाहीर करा. आधी नाही.

भावांच्या कळी, म्हणजे बटण दाबलं की अवतारावर येणारे राग, लाज, अश्रू, घाम, किती हव्यात? सहा-सात पुरतात. वीस घेतल्या तर कोणती कोणत्या बटणावर हे खेळता खेळता आठवत नाही.

फाइल आल्यावर

लाइव्ह२डीचं मॉडेल एका फोल्डरमध्ये येतं. त्यात मॉक३ ही मुख्य फाइल, मॉडेल३ ही सगळ्यांना जोडणारी यादी, टेक्स्चरची पीएनजी चित्रं, झुलीची फिजिक्स३ फाइल आणि भावांच्या ईएक्सपी३ फाइली असतात. रिग बदलायला लागणारी सीएमओ३ फाइल बहुतेक रिगर देत नाहीत, दिली तर वेगळं शुल्क घेतात. कापलेली पीएसडी मात्र करारात मागून ठेवा. तीन वर्षांनी रिगर या धंद्यात नसला तरी ती दुसऱ्याला देता येते.

फोल्डर व्हीट्यूब स्टुडिओच्या लाइव्ह२डी मॉडेल्स या फोल्डरमध्ये तसंच्या तसं टाका. आतल्या फाइलींची नावं बदलू नका. यादीत जुनी नावं आणि फोल्डरात नवी असं झालं की मॉडेल उघडतच नाही. जपानी विक्रेत्यांच्या झिप फाइली उघडताना नावांची अक्षरं विस्कटतात आणि हाच घोटाळा होतो. झिप उघडणाऱ्या साधनात जपानी एन्कोडिंग निवडून पुन्हा उघडा. तुमच्या फोल्डरचं नावही साध्या रोमन अक्षरांत ठेवा.

पहिल्यांदा उघडताना आपोआप मांडणी करू का असं विचारलं जातं. रिगरनं व्हीट्यूब स्टुडिओची तयार मांडणी दिली असेल तर नाही म्हणा, नाहीतर त्याचं बारीक जुळवलेलं काम पुसलं जाईल. मग सरळ बसून, चेहरा स्थिर ठेवून कॅलिब्रेट करा, म्हणजे हा तुमचा सरळ चेहरा असं सॉफ्टवेअरला सांगा. खुर्ची बदलली किंवा दिवा हलवला की पुन्हा.

ओबीएस या स्ट्रीम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये अवतार आणायला विंडोजवर त्यातलं गेम कॅप्चर वापरा. व्हीट्यूब स्टुडिओत पार्श्वभूमी म्हणून रंगाचा पर्याय घेऊन 'कॅप्चरमध्ये पारदर्शक' ही खूण करा, आणि ओबीएसच्या सोर्समध्ये पारदर्शकतेला परवानगी देणारी खूण करा. दोन्हीपैकी एक राहिली की अवताराच्या मागे रंगीत चौकोन दिसतो.

नेहमीचे बिघाड

काळी चौकट दिसते, अवतार नाही: दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर ओबीएस एका चिपवर आणि व्हीट्यूब स्टुडिओ दुसऱ्यावर चालत असतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्स विभागात दोघांना एकाच चिपवर बसवा.

गेम सुरू होताच अवतार गचके खातो: गेम ग्राफिक्स कार्डाचा शेवटचा थेंबही पितोय. गेमच्या चौकटींना ६० ची मर्यादा घाला, गरज पडली तर ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. टेक्स्चरचा आकारही तपासा. ४०९६ बाय ४०९६ चं एक टेक्स्चर न आवळता ६४ एमबी स्मृती खातं, ८१९२ चं २५६ एमबी. अशी चार असली तर फक्त अवतारासाठी एक जीबी गेला. रिगरकडे ४०९६ ची हलकी प्रत मागा. स्ट्रीमवर फरक कुणाला कळणार नाही.

तोंड पूर्ण उघडत नाही किंवा कायम थोडं उघडंच राहतं: मॉडेल परत पाठवायची घाई नको. पॅरामीटरच्या मांडणीत तोंड उघडण्याच्या इनपुटची कमाल मर्यादा कमी करा, म्हणजे थोडं उघडलं तरी पूर्ण उघडल्यासारखं धरलं जाईल. उघडंच राहत असेल तर किमान मर्यादा वर न्या. डोळ्यांचंही तसंच. चेहरा थरथरत असेल तर त्या पॅरामीटरचं स्मूदिंग (हालचाल संथ करणारी सेटिंग) वाढवा, पण तोंडाचं नको. तोंडाचं वाढवलं की शब्द संपल्यावर ओठ हलतात.

हिरव्या पार्श्वभूमीवर रंग काढून टाकायची जुनी पद्धत वापरत असाल आणि अवताराचे डोळे हिरवे असतील, तर डोळ्यांतून मागचा गेम दिसतो. पारदर्शक कॅप्चर जमतच नसेल तर पार्श्वभूमीला अवतारात कुठेच नसलेला रंग द्या. गडद गुलाबी बहुतेकदा चालतो, केस गुलाबी नसले तर.

सगळं जुळलं की पूर्ण फोल्डर, मांडणीच्या फाइलीसकट, दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा. मूळ झिप पुन्हा मिळेलही, पण तोंड आणि डोळ्यांच्या मर्यादा जुळवण्यात गेलेली संध्याकाळ त्या झिपमध्ये नसते.